पहिल्या फेरीतले हेमचंद्र

हेमचंद्र खांबेट्यांच्या तोंडून "छान" हा शब्द ऐकलेला माणूस शिकागोजवळच्या अख्ख्या नेपरव्हिलमध्ये शोधून सापडला नसता. "बरंय" हा त्यांचा सर्वोच्च पुरस्कार. मुलगा शाळेत पहिला आला, बरंय. त्याने बॉथेलला घर घेतलं, बरंय. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली त्या दिवशी कांचनने नवी साडी नेसून "कशी दिसतेय?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून नीट पाहिलं आणि म्हणाले, "बरी आहे. काठ जरा जास्तच रुंद झालाय." आता काठ विणकराने रुंद केला यात कांचनचा काय दोष? पण हा प्रश्न विचारायच्या भानगडीत ती पडली नाही. पहिल्या पाच वर्षांतच तिने तो नाद सोडला होता.

याचं मूळ मिरजेत होतं. तिथल्या शाळेत त्यांना गणिताला एक मास्तर होते. ते म्हणायचे, शंभरपैकी शंभर देवाला, नव्व्याण्णव मला, आणि उरलेल्या मार्कांत तुम्ही आपापसात भांडा. वर्गातली बाकीची पोरं हे ऐकून हसली आणि विसरली. हेमचंद्रांनी ते मनावर घेतलं. पुढे त्र्याहत्तर साली शिकागोला आले, सिव्हिल इंजिनिअर झाले आणि जन्मभर जुने पूल तपासण्याची नोकरी केली. पुलाचं कौतुक करून पूल टिकत नाही, भेगा हुडकून टिकतो, हे त्यांचं आवडतं वाक्य. पुलांच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं होतं. माणसांच्या बाबतीत त्यांनी कधी तपासून पाहिलं नव्हतं.

बेसबॉलचं वेडही त्याच पहिल्या वर्षाचं. घरमालक म्हातारा पोर्चमध्ये रेडिओ लावून बसायचा आणि कागदावर चौकोन आखून एकेका बॉलचा हिशोब मांडायचा. हेमचंद्रांना त्याचं इंग्रजी कळायचं नाही, पण चौकोन कळायचे. रिटायर झाल्यावर त्यांना इंटरनेटवर त्या चौकोनांचं नंदनवनच सापडलं. 'प्रेयरी लीग' असं त्याचं नाव. अमेरिकाभर पांगलेले सोळा म्हातारे, प्रत्येकाची एकेक टीम. काळ जुना, खेळाडू मात्र कॉम्प्युटरने जन्माला घातलेले. नाव, गाव, वय, हातात किती जोर, नजर किती तीक्ष्ण, सगळं कॉम्प्युटर ठरवणार आणि मॅचही तोच खेळवणार. एक सीझन काही आठवड्यांत संपायचा. लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात १९०१ साल चालू होतं. चौदा वर्षांत हे लोक १९६८पर्यंत येऊन पोहोचले होते. एकमेकांचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं, आवाज ऐकला नव्हता. पण रोज सकाळी चहाच्या आधी सगळे एकमेकांशी भांडत असत, लेखी.

दर सीझनच्या आधी ड्राफ्ट व्हायचा. म्हणजे नव्या पोरांची वाटणी. सगळ्यात कमजोर टीमने आधी निवडायचं, मग बाकीच्यांनी ओळीने. पहिल्या फेरीत जो हाती लागेल त्यावर टीमचं पुढच्या दहा वर्षांचं नशीब ठरायचं. आणि पहिली फेरी संपली की हेमचंद्रांचा लेख यायचा. सोळा निवडींचं प्रगतिपुस्तक. ए, बी, सी, डी, एफ, अमेरिकन शाळेसारखे ग्रेड, पण तपासणारे मास्तर मिरजेचे. चौदा वर्षांत त्यांनी एकालाही ए दिला नव्हता. बी मिळालेला माणूस बायकोला हाक मारून दाखवत असे म्हणे.

एफचा मक्ता मात्र एकाच माणसाकडे होता. नेब्रास्कातल्या कर्नी गावचा रॉय. वय त्र्याऐंशी, जन्मभर शाळेची बस चालवलेली, टीमचं नाव 'क्रेन्स'. हा पठ्ठ्या खेळाडू निवडायचा ते त्याच्या गावाचं नाव आवडलं म्हणून. "श्री. रॉय यांनी खेळाडू निवडलेला नाही, नकाशा निवडला आहे. एफ." असं हेमचंद्र लिहायचे. आणि त्याखाली दर वेळी, न चुकता, रॉयची एकच ओळ यायची: "थँक यू, प्रोफेसर."

रॉयची टीम कधी वर आलीच नाही. आणि यंदा तर ती इतकी तळाला गेली, की पहिली निवड त्याच्या वाट्याला आली. आणि योग असा, की याच ड्राफ्टमध्ये टोबी लार्किन नावाचा डावखुरा पिचर, म्हणजे बॉल फेकणारा, येणार होता. कॉम्प्युटरने चौदा वर्षांत असा पोरगा काढला नव्हता. डिसेंबरमध्येच हेमचंद्रांनी सगळ्यांना बजावून ठेवलं, "पहिली निवड हातात असताना जो लार्किनला घेणार नाही, त्याने बेसबॉल सोडून स्वेटर विणायला बसावं."

आणि जानेवारीत ते स्वतःच आडवे झाले. न्यूमोनिया. हॉस्पिटल, मग तिथलाच दुसऱ्या मजल्यावरचा वॉर्ड, मग फुप्फुसांचे व्यायाम. घरी आले तरी कांचनने लॅपटॉप कपाटात टाकून किल्ली आपल्याकडे ठेवली. जन्मभर पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलेली बाई, रिपोर्टपुढे नवऱ्याची पत्रास ठेवणारी नव्हे. "ऑक्सिजन पंच्याण्णवच्या वर जाऊ दे, मग तुमचा तो म्हाताऱ्यांचा खेळ," ती म्हणाली.

ते घरी यायच्या आधीच इथल्या मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम झाला. मंडळ स्थापन करणाऱ्यांचा यंदा सत्कार होता आणि त्यातले हेमचंद्र तर हॉस्पिटलमध्ये. सेक्रेटरी सावनी, वय चौतीस, जन्म इथलाच, एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. कामाला वाघ, पण रीतिभाती यूट्यूबवरून शिकलेली. तिने विचार केला, काका नाहीत तर काकांचा फोटो. स्टेजवर खुर्ची, खुर्चीत काकांचा फ्रेम केलेला मोठा फोटो, समोर समई, आणि सत्काराचा हार? तो फोटोला! लावला, दोन पावलं मागे जाऊन फोटो काढला आणि मंडळाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकलासुद्धा.

मंडळातल्या जुन्याजाणत्या नंदाकाकू हॉलमध्ये शिरल्या त्या स्टेजकडे बघून दारातच मटकन बसल्या. मग उठल्या आणि ओरडल्या, "अगं सावनी! जिवंत माणसाच्या फोटोला हार घालतात का? आणि वर समई! काढ आधी!"

"पण काकू, इट्स अ फेलिसिटेशन! सत्काराला हार घालतातच ना?"

"माणसाला घालतात गं बाई! फोटोला घालतात तो गेल्यावर!"

हार निघाला, समई विझली. सावनीचे डोळे भरले. दुसऱ्या दिवशी चकल्यांचा डबा घेऊन ती हॉस्पिटलमध्ये माफी मागायला आली. कांचनने मीठ-मोहऱ्यांनी नवऱ्याची दृष्ट काढायची म्हटलं, तर नर्सने मोहऱ्या आत आणू दिल्या नाहीत. हेमचंद्र तेवढे खो खो हसले आणि खोकले. "फोटो बरा आला होता का?" त्यांनी विचारलं. पानावरचा फोटो काढून टाकायला मात्र या गडबडीत कुणाला सुचलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ऑक्सिजन सत्त्याण्णव दिसला आणि कपाट उघडलं. बाहेर ड्राइव्हवेवर बर्फ साचलं होतं, कांचन स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देत होती. हेमचंद्र डायनिंग टेबलाशी बसले. पहिली फेरी कालच संपलेली. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं आणि पहिली निवड पाहिली.

"कर्नी क्रेन्स. हेम खांबेटे. शॉर्टस्टॉप. वय अठरा. गाव: मिरज, इंडिया."

हेमचंद्रांनी पेन्सिल खाली ठेवली. पुन्हा वाचलं. मग स्क्रीन पुसली, जणू ते नाव बोटाच्या डागासारखं निघून जाणार होतं. नाव जागेवरच होतं.

हे नाव तिथे कशाने येतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तो नियम ठरला तेव्हा त्यांनीच अनुमोदन दिलं होतं. लीगमधला कुणी वारला की त्याच्या नावाचा अठरा वर्षांचा खेळाडू पुढच्या ड्राफ्टमध्ये घालायचा. पुनर्जन्म मानणाऱ्या आपल्या लोकांनाही इतकी तत्परता कधी सुचली नाही. खेळाडूचे गुण मात्र फासे टाकून ठरवायचे, त्यात वशिला नाही. आजवर असे तिघे गेले होते. तिघांनाही शेवटच्या फेरीत कुणीतरी शिष्टाचार म्हणून उचललं होतं.

"कांचन," त्यांनी हाक मारली. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. "कांचन, अगं मी गेलोय."

"कुठे?" ती आतून म्हणाली. मग तिच्या हातातला डाव पडल्याचा आवाज आला आणि ती धावत बाहेर आली. नवरा खुर्चीत ताठ बसलेला, चेहरा पांढराफटक. तिने आधी बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावलं. सत्त्याण्णवच. मग तिने स्क्रीन वाचली आणि तीही शेजारच्या खुर्चीत बसली.

दोघांनी मिळून मागचं सगळं वाचून काढलं. लीगचा कमिशनर डेल, आयोवातला निवृत्त शिक्षक, त्याने जानेवारीत तीन ईमेल पाठवली होती. उत्तर नाही. मग रॉयने इंटरनेटवर नाव शोधलं आणि त्याला मंडळाचं पान सापडलं. मजकूर मराठी, त्याला काय कळणार? पण फोटो, हार आणि दिवा तर दिसत होता. तो फोटो फोनवर उघडून रॉय आपल्या गावच्या मोटेलच्या भारतीय मालकाकडे गेला आणि याचा अर्थ काय म्हणून विचारलं. त्या भल्या माणसाने फोटो पाहिला आणि म्हणाला, "आय ॲम सॉरी, सर. ही हॅज पास्ड." बिचाऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं. नंदाकाकूही तेच सांगत होत्या.

खाली शोकसंदेशांची रांग लागली होती. हेमचंद्र एकेक वाचत गेले आणि प्रत्येक संदेशागणिक त्यांना नवा धक्का बसत गेला. टेक्सासचा एकजण लिहीत होता, की बायको गेल्यावर वर्षभर तो घराबाहेर पडला नाही, पण हेमकडून सी-मायनस मिळाल्यावर रागाने रात्रभर आकडे काढत बसला आणि तिथून माणसांत आला. दुसऱ्याने चौदा वर्षांचे सगळे लेख छापून बाइंड करून ठेवले होते. "तो माझ्या निवडींना नावं ठेवायचा," तिसऱ्याने लिहिलं होतं, "पण वाचल्याशिवाय कधी ठेवली नाहीत. माझ्या स्वतःच्या घरात माझं इतकं नीट कुणी वाचत नाही."

"यांना मी आवडत होतो?" हेमचंद्र पुटपुटले. "कांचन, यांना मी... का?"

कांचनने त्यांच्या खांद्यावरची शाल नीट केली. या प्रश्नाचं उत्तर तिच्यापाशी केव्हाचं होतं. पण ते काही आत्ता सांगायचं नव्हतं.

आणि मग रॉयचा संदेश आला. पहिली निवड जाहीर करताना त्याने लिहिलं होतं:

"क्रेन्सची निवड, हेम खांबेटे. मला माहीत आहे, लार्किन समोर आहे. मला हेही माहीत आहे की मी आता स्वेटर विणायला बसायचं आहे. आपले तीन मित्र गेले तेव्हा आपण त्यांना शेवटी घेतलं, ताटात उरलेलं घ्यावं तसं. हेमने माझ्या प्रत्येक पोराचे आकडे काढले, मी स्वतः काढले नव्हते तेव्हाही. त्याला कुणाच्या मागे उभं राहायला लागू नये. बस्स, एवढंच."

हेमचंद्रांनी लॅपटॉप अर्धवट मिटला. त्यांच्या छातीत काहीतरी हललं आणि ते न्यूमोनियाचं नव्हतं. चौदा वर्षांत पहिल्यांदा या माणसाच्या हाती काही लागणार होतं. लार्किन दुसऱ्या निवडीत मिलवॉकीच्या टीमने पटकन उचललाही होता. आणि रॉयने आपला एकमेव लॉटरीचा दिवस उधळला होता तो कुणासाठी? मेलेल्या मित्रासाठी. जो मेलेला नव्हता. जो नेपरव्हिलमध्ये पायात लोकरी मोजे घालून आमटीची वाट बघत बसला होता!

"सांगितलं तर रॉयचं हसं होणार," ते म्हणाले. "त्र्याऐंशी वर्षांचा माणूस. सगळे म्हणणार, रॉयने या वेळी नकाशासुद्धा धड निवडला नाही. आणि नाही सांगितलं तर मला लीग गेली. मग मी मेलेलाच राहू का?"

"शुभ बोला हो!" कांचन कडाडली. "आत्ताच्या आत्ता कळवा त्यांना. हसं झालं तर झालं. त्या माणसाला वाटतंय त्याचा मित्र गेला. त्याला काय हवं असेल, लार्किन की तुम्ही?"

उत्तर हेमचंद्रांना ठाऊक होतं. पण ते खरं मानायची त्यांना सवय नव्हती.

त्यांनी लिहिलं. आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं इतकं गोड लिहिलं. "प्रिय मित्रांनो, मी जिवंत आहे. एका गैरसमजातून हे झालं. तुम्ही माझ्याबद्दल इतक्या प्रेमाने लिहिलंत, माझं मन भरून आलं. सर्वांचे, विशेषतः रॉयचे, अंतःकरणापासून आभार." पाठवलं, आणि हात मांडीवर ठेवून वाट पाहत बसले.

डेलचं उत्तर आलं. "तुम्ही जो कोणी आहात, तुम्हाला लाज वाटायला हवी."

हेमचंद्रांना वाटलं आपण चुकीचं वाचलं. पण पुढेही होतं. "गेल्या वर्षी आपल्या एका वारलेल्या मित्राच्या अकाउंटमध्ये असाच कुणी घुसला होता. हे अकाउंट आज संध्याकाळी बंद करतोय. पुढच्या वेळी नक्कल करायची तर जरा अभ्यास करून या. हेमने चौदा वर्षांत कुणाचे आभार मानलेले नाहीत."

मग धावपळ झाली. हेमचंद्रांनी आजचा पेपर हातात धरला, कांचनने फोटो काढला, तो पाठवला. डेल म्हणाला, असले फोटो माझी नात बसल्या बैठकीला बनवते. हेमचंद्रांनी आपला फोन नंबर टाकला. कुणी फोन केला नाही, कारण अनोळखी नंबरला फोन करू नका असं त्या पंधराही घरांतल्या मुलांनी आपापल्या बापांना बजावून ठेवलं होतं. आवाज तरी कोण ओळखणार होतं? कांचनने सावनीला फोन लावला. ती ऑफिसमधून जवळजवळ रडतच म्हणाली, "ओ माय गॉड, काकू! मी पोस्ट लगेच डिलीट करते. काका, आय ॲम सो सो सॉरी. मी त्यांना लिहू का, की तो फोटो माझी मिस्टेक होती?"

"नको बाळा," हेमचंद्र म्हणाले. "तुझ्यावरही विश्वास नाही ठेवणार. मी मेलोय हे त्यांना एकदम पटलंय. आणि तुझं काही चुकलेलं नाही. हार चांगला होता."

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण आत्ता कशाला तरी चांगलं म्हणालो. कांचनच्याही लक्षात आलं होतं.

दुपार कलायला लागली. हेमचंद्रांनी पेन्सिल उचलली. "जाऊ दे. अकाउंट बंद व्हायच्या आत लेख तरी टाकतो," ते म्हणाले. "ते माझं काम आहे. चोर म्हणाले तर म्हणू देत." आणि ते खाली मान घालून बसले. त्यांच्या टीमसाठी डेलने केलेली धरून सोळा निवडी, सोळा पोरं, प्रत्येकाचे आकडे. त्या कामात त्यांचा चेहरा हळूहळू पूर्ववत झाला. मिलवॉकीला लार्किन मिळाल्याबद्दल बी. "दुसऱ्याने सोडलेलं उचलण्यात अक्कल लागत नाही, म्हणून बी-प्लस नाही." टेक्सासला पुन्हा सी-मायनस. पंधरा झाले. मग ते थांबले. मग वरच्या ओळीत लिहिलं:

"कर्नी क्रेन्स. निवड: हेम खांबेटे. ग्रेड: ए."

कांचन मागून वाचत होती. "हे काय?"

"त्याला दुसरं काय देऊ? तूच सांग." हेमचंद्र म्हणाले. "जन्मात माझ्यासाठी असं कुणी काही सोडलं नाही. निदान मला माहीत असताना तरी नाही. या माणसाला मी चौदा वर्षं नापास केलं, कांचन. एकदा, एकदाच मला पैकीच्या पैकी द्यायचेत."

"द्या. पण मग तुम्ही मेलातच म्हणून समजा," कांचन म्हणाली. "सकाळी आभार मानलेत, तर लाज काढली त्यांनी. आता ए दिलात, तर त्यांची खात्रीच पटेल. अहो, मी तुमची बायको, समोर उभी आहे. मलाही हे वाचून वाटतंय, की हे दुसरंच कुणीतरी लिहिलंय!"

हेमचंद्र तिच्याकडे बघत राहिले. सकाळपासून बसलेल्या सगळ्या धक्क्यांत हा सगळ्यात मोठा होता. आपण मेलो अशी बातमी एक वेळ पचवता येते. पण आपण प्रेमाने वागलो तर आपल्याला ओळखणारं एकही माणूस या जगात नाही, घरातलंसुद्धा नाही, हे कसं पचवायचं?

मग त्यांनी रबर घेतलं आणि ए खोडला. त्या पोराचे आकडे समोर ओढले. फासे टाकून पडलेले, पण डेलच्या फाशांनी माणूस बरोबर ओळखला होता. हेमचंद्रांनी लिहिलं, अक्षर नेहमीसारखंच कोरीव आलं. मग टाइप करून पाठवलं:

"हेम खांबेटे, शॉर्टस्टॉप. हातात जोर नाही, पाय जड, आणि म्हणे मैदानात धावून बॉल अडवणार. नजर चांगली आहे, पण बॉल नुसता बघत राहिल्याने रन होत नाहीत. लार्किन समोर उभा असताना हा पोरगा उचलणं म्हणजे खांब न मोजता पूल बांधणं. शिवाय ज्या कारणासाठी घेतला, ते कारणही आता उरलेलं नाही. श्री. रॉय यांनी या वेळी नकाशाही सोडला आणि स्मशान निवडलं. एफ. ता.क. हा मुलगा उजव्या हाताने खेळतो असं नोंदवलं आहे. मी डावखुरा आहे. इतक्या वर्षांत हे विचारायची तसदी एकानेही घेतलेली नाही."

पाठवलं आणि दोघं नवरा-बायको स्क्रीनकडे टक लावून बसले. गॅसवर आमटी आटून गेली. बाहेर शेजाऱ्याचं बर्फ उपसायचं यंत्र घरघरत होतं, ते थांबलं.

मग खाली एक ओळ उमटली. रॉयची.

"थँक यू, प्रोफेसर."

आणि पुढच्याच क्षणी दुसरी. "हा तोच आहे. देवा. डेल, हा तोच आहे."

मग काय विचारता! पंधराच्या पंधरा म्हातारे एकाच वेळी टाइप करायला लागले. टेक्सासचा सी-मायनसवरून शिव्या देत होता आणि मध्येच रडत होता. डेलने तीनदा माफी मागितली. नियमाप्रमाणे खेळाडू रद्द, असं त्याने जाहीर केलं. रॉयने पुन्हा निवडावं, मिलवॉकी लार्किनला परत द्यायला तयार आहे. हेमचंद्रांनी सुटकेचा श्वास टाकला. चला, त्याचं नुकसान तरी टळलं.

पण रॉय म्हणाला, नको. "एफ मिळालेलं पोर मी आजवर बदललेलं नाही. मिरजेचा मुलगा शॉर्टस्टॉपला खेळेल. आणि डेल, त्याला डावखुरा कर."

"मूर्ख आहे हा!" हेमचंद्र ओरडले. "दहा वर्षांचं वाटोळं केलंन टीमचं!" आणि असं ओरडताना त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. कांचनने पदराने पुसलं. तिने असं काही पाहिल्याला फार वर्षं झाली होती. तिचे सासरे गेले तेव्हासुद्धा हा माणूस डोळे कोरडे ठेवून तिकिटाची चौकशी करत होता.

जरा वेळाने ती आमटीत पाणी घालायला आत गेली. हेमचंद्रांनी दाराकडे एकदा पाहिलं, चोरासारखं. मग फक्त रॉयला दिसेल असा खासगी संदेश उघडला. जास्त काही जमेना. दोनदा लिहून खोडलं. शेवटी त्यांनी एकच अक्षर लिहिलं, ए, आणि पाठवून दिलं.

उत्तर लगेच आलं.

"हे कोण लिहितंय? हेमला बोलवा."

हेमचंद्र हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू आलं, तशी कांचन डाव हातात घेऊनच बाहेर आली. त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. "बघ," ते म्हणाले, "तो म्हणतोय, हेमला बोलवा."

कांचनने वाचलं. वरचं ते एकटं अक्षरही वाचलं. मग नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली, "मग कळवा ना त्याला. आलाय म्हणावं."